चाकूची पाठ

दत्ताराम एसटीतून निवृत्त झाला आणि नांदगावच्या त्या घरात एकही वस्तू बोथट राहिली नाही. विळी, कोयता, कात्री, सगळं त्याने परसातल्या दगडावर घासून काढलं. शेजारी कौतुक करायचे. बायकोच्या, म्हणजे आनंदीच्या बोटांना मात्र सदा चिंध्या.

आता त्याचा डोळा तिच्या चाकूवर होता. आनंदी आंब्याची कलमं बांधायची आणि त्यासाठीच तिने तो मिटणारा चाकू घेतला होता. पात्याच्या वरच्या कडेला टोकाकडे थोडा उतार होता, पण धार नव्हती. दत्तारामला ते बघवेना.

"कंपनीवाल्यांनी अर्ध्यार सोडल्यानी गो ह्या काम. वरसून पण धार काढूक व्हयी."

"काडी तासताना मी वर अंगठो ठेवतंय. अंगठो कापून घेव?"

"टोकाकडेच काढतंय. अंगठो थंय खंय जाता?"

"नको म्हटलंय ना!"

"मोबाइलवर एक जण दाखवीत होतो..."

"तेच्या बायलेक ईचारा मगे."

हा वाद चहाला झाला, जेवताना झाला, देवाला दिवा लावतानाही झाला. शेवटी तिने चाकू तांदळाच्या डब्यात लपवला.

पिंगुळीला तिच्या भावाकडे कलमं बांधायला जायचं होतं. वहिनी रुक्मिणीने रोपं तयार ठेवली होती. आनंदीने सकाळीच हापूसच्या काड्या कापून ओल्या गोणपाटात गुंडाळल्या. डबा उघडला तर चाकू नाही.

"माझ्या खिशात आसा. चल, गाडी चुकात," दत्ताराम म्हणाला. इतक्या गोड आवाजात, की तिला तेव्हाच संशय यायला हवा होता.

मिटणारा चाकू मिटला की त्याची धार मुठीत जाते आणि पाठ बाहेर राहते. पाठीला धार नसते, म्हणून तर तो खिशात ठेवता येतो. एवढी साधी गोष्ट दत्तारामच्या लक्षात आली ती कणकवलीच्या पुढे, हायवेवर गाडीने दणका दिल्यावर. कुडाळला तो उतरला तेव्हा पांढऱ्या पॅंटीवर मांडीपाशी हा एवढा लाल डाग.

"काढलास ना धार? काढलास ना?" भर स्टँडवर आनंदीचा आवाज चढला.

"हळू बोल गो."

जवळच्याच दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने टाके घातले. "कशाने लागलं?"

"शेतीचं अवजार होतं, साहेब," दत्तारामने एकदम कचेरीतली मराठी काढली.

आनंदीने तो चाकू टेबलावर आपटला. "ह्या तेंचा अवजार!" तिला वाटलं, आता शिकलेला माणूस तरी चार शब्द सुनावील.

डॉक्टरने पातं उजेडात धरून फिरवलं. "वा! काका, धार सुरेख काढलीत. कुठल्या दगडावर?"

दत्तारामचा चेहरा खुलला. दगड कुठला, पाणी किती, पातं कसं धरायचं, दोघांची मैफल जमली. डॉक्टरकडेही म्हणे असाच एक चाकू होता आणि पाठीलाही धार काढावी का, हा प्रश्न त्यालाही पडला होता. बाहेर पेशंट खोकत होते. गोणपाटात काड्या सुकत होत्या. आनंदीने पिशवी उचलली, रिक्षा केली आणि एकटीच पिंगुळीला निघून गेली. चाकू टेबलावरच राहिला, हे तिला वाटेत आठवलं. परत त्या दोघांचं तोंड बघायची तिची तयारी नव्हती.

रुक्मिणीच्या स्वयंपाकघरातल्या सुरीने तिने दोन कलमं बांधली. काप वेडेवाकडे आले. हात तिचा आणि काम असं! तिला रडू कोसळणार, तेवढ्यात दत्ताराम लंगडत अंगणात आला.

"चाकू हाडलंय."

तिने धुण्याच्या दगडाकडे बोट दाखवलं. "पाठ घासा."

"डॉक्टर म्हणालो, टोकाकडे थोडीशी ठेवलंस तर..."

"घासा!"

त्याला बसवत नव्हतं. ओणव्याने, कण्हत, त्याने स्वतः काढलेली धार स्वतः घालवली. आनंदीने पाठीवरून अंगठा फिरवला. "अजून." त्याने अजून घासली. मग मात्र तिने चाकू घेतला, पाठीवर अंगठा टेकवला आणि पहिल्याच कापात काडी पाचरीसारखी स्वच्छ निघाली. कलमावर गुंडाळायच्या पट्टीचं टोक धरायला तिने त्याला दिलं. सांजावेपर्यंत दोघांनी मिळून उरलेली कलमं बांधली.

परतीच्या गाडीत कंडक्टर ओळखीचा निघाला. त्याने आनंदीच्या शेजारची जागा रिकामी करून दिली. "बसा दत्तारामकाका."

आनंदीने त्या जागेवर आपली पिशवी ठेवली. "तेंका उभ्यानच बरा वाटता," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.