ज्याचा हात त्याचं नाक

मंजुश्रीने दीपमालाचं मनगट उलटं धरलं, काचेच्या काडीचं टोक शिरेवर टेकवलं आणि लगेच उचललं.

"चोळू नको."

"न्हाई चोळत, मास्तरीणबाई. दरवेळेला काय सांगतीस?"

"दरवेळेला चोळतीस म्हणून."

दीपमाला हसली आणि हात हवेत तसाच धरून स्टुलावर जाऊन बसली. मंजुश्रीने तसाच एक थेंब आपल्या मनगटावर लावला, बाटलीचं बूच घट्ट केलं आणि पंखा बंद केला. वास वाऱ्याने पसरू नये म्हणून अत्तर तपासताना पंखा बंद ठेवायचा, हा तिचाच नियम होता. नांदेडच्या उन्हात पत्र्याखालच्या त्या गाळ्यात हा नियम पाळणं सोपं नव्हतं. तरी दीपमाला कुरकुर न करता ओढणीच्या पदराने मान पुसत बसायची.

दोघी एम.एस्सी.ला एकाच वर्गात होत्या. मंजुश्री शिरूर अनंतपाळच्या किराणा दुकानदाराची मुलगी. हळद, धने, हिंग यांची पोती उघडी न करता ओळखायची तिला लहानपणापासून सवय. दीपमाला नायगावकडची, शेतकऱ्याघरची, बोलण्यात कुणाला हार न जाणारी. शिक्षण संपल्यावर नोकरीची वाट पाहण्याऐवजी दोघींनी मिळून हे अत्तराचं दुकान काढलं. बाजारात अत्तराची दुकानं कमी नव्हती. पण इथे प्रत्येक बाटलीपुढे दोन ओळींचं एक कार्ड उभं असायचं. पहिली ओळ मंजुश्रीच्या हाताची, दुसरी दीपमालाच्या.

कल्पना मंजुश्रीची होती. बाटलीत अत्तराचा वास एकच असतो, कातडीवर तो बदलतो. तिची कातडी कोरडी, दीपमालाची तेलकट आणि घामाची. खस मंजुश्रीच्या हातावर नव्या माठातल्या पहिल्या पाण्यासारखा यायचा. दीपमालाच्या कार्डावर लिहिलं होतं, 'नुकताच उपटलेला ऊस, मुळाला माती तशीच.' मोगरा मंजुश्रीच्या हातावर दुपारपर्यंत पिकल्या केळाकडे झुकायचा, दीपमालाच्या हातावर म्हणे गजराच राहायचा. उदाला आधी दवाखान्यातल्या पट्टीचा वास आणि मग नव्या चपलेचा. गुलाब मंजुश्रीच्या कातडीवर जरा आंबायचा, गुलकंदाच्या बरणीचं झाकण काढल्यासारखा. लोक ती कार्डं वाचून हसायचे, स्वतःच्या हातावर लावून बघायचे आणि कुणाचं खरं यावर भांडायचे. भांडता भांडता बाटली घ्यायचे.

दुसराही एक नियम होता. ज्याचा हात त्याचं नाक. एकीने दुसरीच्या मनगटाचा वास घ्यायचा नाही. नाहीतर आपल्याला आलेला वास आपण दुसरीच्या हातावर शोधतो आणि निरीक्षण बिघडतं. हा नियम सुचला तेव्हा मंजुश्रीला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं.

आज हैदराबादहून आलेला केवडा तपासायचा होता. पुढल्या महिन्यात उदगीरच्या रत्नम्माअक्कांच्या मुलीचं लग्न होतं. मांडवात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या हाताला लावायचं अत्तर त्यांनी याच दुकानातून घ्यायचं ठरवलं होतं. एवढी मोठी मागणी दुकानाला पहिल्यांदाच आली होती. शेकडो हात, शेकडो तऱ्हांची कातडी. सगळ्यांना साजेल असं एकच अत्तर हवं होतं. गुलाब-चंदनाचं जवळजवळ नक्की झालं होतं, पण अक्का दुपारी येणार होत्या आणि त्यांच्यापुढे आणखी एखादं ठेवावं म्हणून मंजुश्रीने हा केवडा काढला होता.

थोड्या वेळाने तिने मनगट नाकाशी नेलं.

काहीच नाही.

तिने पुन्हा श्वास ओढला. आपल्याच कातडीचा उबदार, किंचित खारट वास, एवढंच. तिने घाईने कापराची डबी उघडली. कापूर नाकात सणकन गेला आणि डोळ्यांत पाणी आलं. नाक शाबूत होतं. मग तिचं लक्ष टेबलावरच्या बाटल्यांकडे गेलं. केवड्याची बाटली मागे होती, सील न तोडलेली. पुढची, जिच्यातून तिने काडी भरली होती, ती कोऱ्या तेलाची. अत्तर पातळ करायला आणलेलं, रंग नसलेलं, वास नसलेलं तेल. दोन्ही बाटल्या तपकिरी, एकसारख्या.

आपल्या गलथानपणाचं तिला हसू आलं. सांगायला म्हणून ती वळली.

"कसा हाय?" दीपमालाने विचारलं. मनगट तिच्या नाकापाशी होतं.

रोजच्यासारखं मंजुश्रीनेच आधी बोलायचं होतं. 'तू सांग आधी, टॉपरचं नाक तुझं,' असं दीपमाला सुरुवातीपासून म्हणत आली होती. पण आज मंजुश्रीला गंमत करावीशी वाटली.

"आज तू आधी सांग."

"मी?"

"हाव. रोज मीच का?"

दीपमालाने डोळे मिटले, मनगट नाकाला लावलं आणि लांब श्वास घेतला. मग डोळे उघडून तिने मंजुश्रीकडे पाहिलं. मंजुश्री हसू दाबून उभी होती.

"झकास हाय की," दीपमाला म्हणाली. "आधी जरा कडक, केवड्याचं पान टोचल्यावानी. पण आता गोड होऊन राहिलाय. गणपतीच्या मखरात येतो ना वास, तसा. लई दिवसांनी असा अस्सल केवडा आला बघ."

मंजुश्रीचं हसू ओठांवरच राहिलं.

ती पुढे गेली आणि दीपमालाचा हात धरून तिने तो नाकाशी नेला.

"अगं! नियम तुझाच ना?"

धुण्याच्या साबणाचा वास होता. खाली, बांगडीपाशी, घामाचा. बाकी काही नव्हतं.

"असू दे," मंजुश्री म्हणाली आणि हात सोडला. "कार्ड नंतर लिहू."

तिने पंखा लावला आणि बाटल्या पुसायला घेतल्या. पुसलेल्याच पुन्हा पुसत राहिली.

कोरोनाच्या वर्षी दीपमालाला ताप आला होता. तेव्हा सगळ्यांचाच वास जात होता आणि सगळ्यांचाच परत येत होता. 'आला गं बाई, आला, आज आईच्या फोडणीचा ठसका लागला,' असा तिचा फोन आला होता. त्यानंतर कुणी पुन्हा विचारलं नव्हतं. विचारायचं काय? दुकान काढताना मंजुश्रीने कातडीबद्दल, घामाबद्दल, साबण कोणता वापरतेस याबद्दल बारीक चौकशी केली होती. नाकाबद्दल नाही.

ऊस, मुळाला माती. गजरा. किती सुरेख शब्द. तिने ते स्वतः सुवाच्य अक्षरात कार्डांवर उतरवले होते. दुसरीच्या हाताचा वास घ्यायचा नाही, हा कडेकोट नियमही तिनेच घालून दिला होता. आणि आपण बोलत असताना दीपमाला मनगटाकडे न बघता आपल्या तोंडाकडे बघते, हे तिने रोज पाहिलं होतं. लक्ष देऊन ऐकते, असं तिला वाटायचं.

एकाच निरीक्षणावर निष्कर्ष काढू नये, असं तिने स्वतःला बजावलं. केवडा म्हटलं म्हणून केवडा वाटला असेल. माणसाचं होतं असं.

पण हात पुसता पुसता कपाटाच्या खालच्या खणाशी थांबला. तिथे तिचा दवणा होता.

दवणा, चंदन आणि अगदी थोडा खस. चैत्रात महादेवाला वाहतात तो दवणा. दर माणसाच्या कातडीवर याचा वास वेगळा उमलतो, असं तिने वाचलं होतं आणि म्हणूनच तिला तो हवा होता. हिवाळाभर ती त्याच्या मागे होती. प्रमाण बदलून, मुरवून, पुन्हा बदलून शेवटी जे झालं ते तिच्या हातावर लावलं तेव्हा ती मनगट नाकाशी धरून हसतच राहिली होती. आनंद चेहऱ्यावर लपवता येणार नाही इतका होता. रत्नम्माअक्कांच्या लग्नाला हेच द्यायचं, असं तिने मनाशी धरलं होतं.

दीपमालाने त्या दिवशी बराच वेळ मनगट हुंगलं होतं. मग हळूच म्हणाली होती, "मंजू, राग येऊ देऊ नको. माझ्या हातावर भिजल्या पोत्याचा वास येऊन राहिलाय."

मंजुश्रीने राग येऊ दिला नव्हता. उलट असं तोंडावर सांगणारी मैत्रीण मिळायला नशीब लागतं, असं आईला फोनवर सांगितलं होतं. आणि बाटली खालच्या खणात सारली होती.

त्या दिवशी मंजुश्रीच्या चेहऱ्यावर नाराजीचं काहीच नव्हतं. मग दीपमाला 'नाही' का म्हणाली?

उत्तर तिला पुसता पुसताच सापडलं आणि ती खणासमोर उकिडवी बसून राहिली. एम.एस्सी.ला प्रॅक्टिकलची रीडिंग्ज घरी बसून रचायचे सगळे. तेव्हा दीपमालानेच तिला शिकवलं होतं: सगळे आकडे रेषेवर आणू नको, सरांना संशय येतो. एखादा मुद्दाम बाजूला पाड. एक चुकलेला दिसला की बाकीचे खरे वाटतात.

हिवाळाभराचं तिचं काम म्हणजे तो बाजूला पाडलेला आकडा होता.

"काय सांडलं का?" दीपमालाने वरून विचारलं.

"नाही."

"मग तिथं काय करून राहिलीस?"

तेवढ्यात दाराशी रिक्षा थांबली. रत्नम्माअक्का उतरल्या, कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात लग्नाच्या खरेदीच्या पिशव्या. बसता बसताच त्या बोलू लागल्या.

"यव्वा, काय ऊन हे! मंजव्वा, पाणी दे आधी. साडीवाल्यानं डोकं उठवलं बघ. जावयाकडल्यांना म्हणे जरीचंच पायजे. दे बाई, तुझं ते गुलाबाचं दे आणि मोकळं कर मला."

दीपमालाने पाणी दिलं आणि हसत त्यांच्या शेजारी बसली. "अक्का, जावई कसा हाय पण?"

"जावई गुणाचा हाय. त्याची आई तशी न्हाई."

दोघी हसल्या. मंजुश्रीने गुलाब-चंदनाची बाटली त्यांच्यापुढे ठेवली. मग थोडी थांबली आणि तिच्याशेजारी खालच्या खणातली बाटलीही ठेवली.

दीपमालाने तिच्याकडे पाहिलं. "हा? हा तर आपण काढून टाकला ना?"

"अक्कांना दाखवू तरी."

तिने अक्कांच्या एका हाताच्या पाठीवर गुलाब लावला, दुसऱ्या हाताच्या पाठीवर दवणा. मग दीपमालाचं दुसरं मनगट मागून घेतलं आणि त्यावर दवण्याचा थेंब टेकवला. या वेळी ती बाजूला गेली नाही. हात धरूनच उभी राहिली. अक्का जावयाच्या आईचं आणखी एक गाऱ्हाणं सांगत होत्या तोवर थेंब कातडीत मुरला. मग मंजुश्री वाकली आणि तिने दीपमालाच्या मनगटाचा वास घेतला.

आधी दवण्याचा हिरवा, किंचित कडवट झोत आला. तो तिच्या ओळखीचा होता. पण तिच्या स्वतःच्या हातावर तो तिथेच थांबायचा. इथे त्याच्या खालून आणखी काही वर येत होतं, जर्दाळूच्या गरासारखं गोड, आणि त्याच्याही खाली चंदन, उन्हाने तापलेल्या लाकडासारखं. दीपमालाच्या घामाने, तेलकट कातडीने अत्तराचं जे केलं होतं ते मंजुश्रीला वजनकाट्यावर हिवाळाभर साधलं नव्हतं. हा हात मिळाला असता तर तिने काय काय बनवलं असतं! हात मिळालाच होता. वर्षभर तिच्या शेजारीच होता.

ती सरळ झाली. चेहरा तिने तसाच ठेवला.

"हे चांगलं हाय की गं," रत्नम्माअक्का डाव्या हाताचा वास घेत म्हणाल्या. "देवळात गेल्यावानी वाटतंय. दीपे, तुझ्या हाताला कसा येतोय? तुझा हात घामाचा, माझ्या पाव्हण्यांचापण तसाच असणार मांडवात."

दीपमालाने मनगट नाकाशी नेलं. डोळे मिटले. लांब श्वास घेतला. मग डोळे उघडून तिने मंजुश्रीच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

मंजुश्रीने नाक मुरडलं. अगदी जरासं, शेजारच्या माणसाला कळू नये एवढं.

"न्हाई अक्का," दीपमाला लगेच म्हणाली. "हा नका घेऊ. माझ्या हातावर कोंदट होऊन राहिलाय. मागल्या वेळीपण असंच झालं होतं."

"माझ्या हाताला तर बरा येतोय."

"तुमचा हात कोरडा हाय, अक्का. मांडवात शंभर घामेजले हात असतील. लोकं नावं ठेवतील."

अक्का मंजुश्रीकडे वळल्या. "तू काय म्हणतीस, मंजव्वा? तू बनवलास ना हा?"

मंजुश्री बाटलीचं बूच बसवत होती. बूच बसलं होतं, तरी तिने ते आणखी जरा फिरवलं.

"दीपा म्हणते तसंच आहे," ती म्हणाली. "गुलाबच घ्या. तो कुणालाही चालतो."

गुलाबावर सौदा ठरला. अक्कांनी पिशव्या गोळा केल्या, दोघींना लग्नाला यायची तंबी दिली आणि वर, 'तुमची जोडी अशीच ऱ्हावी गं बायांनो,' असं म्हणत त्या रिक्षात बसल्या. रिक्षा गल्लीतून वळेपर्यंत दीपमाला दारात हात हलवत उभी होती.

ती आत आली तेव्हा मंजुश्री दवण्याची बाटली आपल्या पर्समध्ये ठेवत होती.

"खणात ठेव की."

"असू दे. घरी नेते."

"एवढी मोठी ऑर्डर लागली आणि तोंड बघ हिचं!" दीपमालाने तिच्या खांद्यावर थाप मारली. थापेबरोबर तो वास पुन्हा एकदा मंजुश्रीच्या गालावरून गेला. "चहा सांगू? आलं घालून, दोन?"

मंजुश्रीने पर्सची चेन लावली.

"तुझ्यापुरता सांग," ती म्हणाली.