यादीतलं नाव

आमच्या धंद्यात एक अलिखित नियम आहे: गावातल्या माणसाला सिनेमात आणलं कुणी, तर वाईट बातमीही त्यानेच द्यायची. दिग्दर्शक देत नाही, निर्माता तर त्याहून नाही. मी बावीस वर्षं पॅरिसच्या उत्तरेकडच्या खेड्यांतून सिनेमासाठी माणसं शोधते. आठवडी बाजारात, चर्चच्या पायऱ्यांवर, म्हाताऱ्यांच्या पत्त्यांच्या डावात. कुणाचं नाक आवडतं, कुणाचं गप्प बसणं. या बावीस वर्षांत वाईट बातमी द्यायला मी एकदाही उशीर केला नव्हता. त्या रविवारी सकाळी मी ओन्वालच्या रस्त्याला लागले तेव्हा मात्र चार दिवस उशीर झाला होता, आणि सिनेमा दुपारी तीनला गावच्या सभागृहात दाखवायचा होता.

बातमी एवढीच, की जोझियान वात्रलो सिनेमात नाही.

जोझियान चौसष्ट वर्षांची. चाळीस वर्षं तिने तळघरात उभं राहून मारवाल चीजच्या चौकोनी वड्या मिठाच्या पाण्याने पुसल्या. मला ती बाजारात दिसली, एका गिऱ्हाइकाला झापताना. ‘आगातचं घर’ या सिनेमात बाप वारल्यावर तीन बहिणी शेतावरचं घर विकायला येतात. धाकटी, नीन, शेजारणीकडे जाऊन विचारते की बाबा आजारी होते तेव्हा आम्हाला कुणी का कळवलं नाही. ती शेजारीण, मादाम लांग्ले, म्हणजे जोझियान. एकच प्रसंग, चार मिनिटांचा. नीनचं काम करणारी नटी पॅरिसची, चांगली मुरलेली. तीसुद्धा पहिल्या टेकनंतर अंगणात जाऊन रडली.

त्याला कारण होतं. दिग्दर्शकाने जोझियानला लिहिलेला कागद बाजूला ठेवायला सांगितलं, म्हणाला, तुमच्या शब्दांत बोला. ती बोलली, कारण गोष्ट तिचीच होती. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा एकोणीस दिवस इस्पितळात होता, आणि तिने तूलूझला राहणाऱ्या एकुलत्या एका मुलाला कळवलं नव्हतं. लुडोविक पोचला तेव्हा शवपेटीवर झाकण बसलं होतं. त्यानंतर वर्षाला एक कार्ड, नाताळचं, तेही सहीपुरतं. का कळवलं नाही, हे तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं. कॅमेऱ्यासमोर सांगितलं होतं.

आणि आता माझा मूर्खपणा. सिनेमाच्या शेवटी कलाकार आणि पात्रं अशी दोन रांगांची यादी सरकते ना, ती पक्की होण्याआधी गावातल्या नावांची स्पेलिंगं तपासायला माझ्याकडे येते. फेब्रुवारीत आली. त्यात ‘जोझियान वात्रलो, मादाम लांग्ले’ हे नाव दिसलं आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला. तिला फोन करून म्हटलं, जोझियान, तुम्ही आहात, यादीत नाव आहे. वास्तविक प्रसंग कापला तरी नाव राहतं, करारातच तसं असतं. यादीतलं नाव म्हणजे पडद्यावरचं तोंड नव्हे, हे नवशिक्यांना शिकवणारी मीच.

त्या फोनच्या भरवशावर तिने लुडोविकला कळवलं: मला तुला काही सांगायचं आहे, ते मी सिनेमात सांगितलंय, ये आणि ऐक. आणि तो येतो म्हणाला.

मग बुधवारी पॅरिसला आम्हा काम करणाऱ्यांसाठी खेळ ठेवला. त्यात नीन शेजारणीच्या दाराशी जाते, दार वाजवायला हात वर करते, आणि पुढच्या क्षणी ती गाडीत बसलेली असते. चार मिनिटं गेली. मी दिग्दर्शकाला गाठलं तर म्हणाला, काय करू, त्या बाईने माझा सिनेमा गिळला असता, त्यानंतर कुणाला तीन बहिणींशी देणंघेणंच उरत नव्हतं. खरं होतं त्याचं. पण त्याला ओन्वालला जायचं नव्हतं. पुढचे चार दिवस मी काय केलं, ते सांगण्यासारखं नाही.

अकराच्या सुमाराला मी तिच्या दारात उभी राहिले तेव्हा पाचावर धारण बसली होती. जोझियान एकटी सापडेल अशी माझी आशा. स्वयंपाकघरात टेबलाशी लुडोविक बसलेला, चाळिशीचा, उंच, कोट न काढलेला. आदल्या संध्याकाळी आला होता म्हणे. दोघांच्या मध्ये फ्लामिश, लीकच्या भाजीचा खारा टार्ट, ओव्हनमधून काढून ठेवला होता आणि कुणी कापला नव्हता.

“हा बघा आला,” जोझियान म्हणाली, जणू मीच त्याला आणायला गेले होते. “आणि तुमचं तोंड असं का, मिरेयबाई? पडद्यावर दिसणार मी, आणि घाम तुम्हाला?”

मी म्हटलं, जरा बाहेर येता का, एक बोलायचं होतं. ती म्हणाली, बाहेर वारा सुटलाय, मारीझने सकाळी आठला दुकान उघडून हे केस बसवलेत, ते तुमच्या एका वाक्यासाठी उडवू का? बोला इथेच. मी इथेच बोलले, पण भलतंच. किती लोक येणार, खुर्च्या किती. ती उत्साहाने सांगत बसली. पोस्टमन एका दृश्यात सायकलवरून जातो, तर त्याने बेल्जियमहून मेव्हण्याला बोलावलंय. बेकरीवाला खांदेकरी झालाय, त्याने दुपारचं दुकानच बंद ठेवलंय. मध्ये मेअरचा फोन आला, मग शेजारीण प्लेट परत करायला आली. प्रत्येक वेळी मी तोंड उघडायची आणि मिटायची. मनात आलं, सभागृहाची वीज गेली तर सुंठीवाचून खोकला जाईल. वीज काही गेली नाही.

लुडोविक सिगारेट ओढायला मागच्या दारी गेला, तेव्हा मी त्याच्या मागे गेले आणि त्याला सांगून टाकलं. आईला सांगायचं धाडस नव्हतं म्हणून मुलाला सांगितलं. यात शहाणपणा नव्हता, भित्रेपणाच होता.

त्याने राख कुंपणापलीकडे झटकली. मग त्याने विचारलं, ती काय बोलली होती त्यात? मला सगळं पाठ होतं, अकरा टेक मी शेजारी उभी राहून ऐकले होते. पण ते मी कसं सांगणार? मी म्हटलं, ते त्यांच्याकडूनच ऐका.

“ती सांगणारी असती तर मी नऊशे किलोमीटर सिनेमा बघायला आलो असतो का?” तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. “म्हणजे ते गेलं. मग मी थांबून करू काय?”

मी हातापाया पडायचीच बाकी होते. निदान सिनेमा संपेपर्यंत थांबा, सगळ्या गावासमोर त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवू नका, असं काहीबाही म्हणाले. त्याने सिगारेट विझवली आणि म्हणाला, संपेपर्यंत. त्यापुढे एक मिनिट नाही. आईला कधी सांगणार, हे त्याने विचारलं नाही. मी सांगणार नाही, हे त्याने ओळखलं असावं.

सभागृह गच्च भरलं होतं. आमच्याकडे अशा खेळाला लोक सिनेमा बघत नाहीत, एकमेकांना बघतात. पोस्टमन सायकलवरून गेला तर टाळ्या, बेकरीवाल्याच्या खांद्यावर पेटी दिसली तर टाळ्या आणि मागून कुणीतरी म्हणालं, पावापेक्षा ही जड असेल रे. पहिल्या रांगेत जोझियान, एका बाजूला लुडोविक, दुसऱ्या बाजूला मी. माझा जीव त्या एका दाराशी टांगलेला. नीन अंगणातून निघाली तशी जोझियानने माझा हात दाबला आणि कुजबुजली, “आता मी.”

नीनने हात वर केला. मग ती गाडीत होती.

मागे एक बाई म्हणाली, जोझियान कुठाय? जोझियानने माझा हात सोडला नाही. “पुढे घेतला असेल,” ती हळूच म्हणाली, “पुढे येईल.” आणि ती पाऊण तास वाट बघत राहिली, ताठ बसून, प्रत्येक दार उघडलं की थोडी पुढे झुकून. तो पाऊण तास मी जन्मात विसरणार नाही. घर विकलं गेलं, बहिणी आपापल्या वाटेने गेल्या, पडदा काळा झाला आणि यादी सरकू लागली. गावातल्या प्रत्येक नावाला टाळ्या पडत होत्या. ‘जोझियान वात्रलो, मादाम लांग्ले’ आलं तेव्हा आधी कुणीच वाजवली नाही, आणि मग सगळ्यांनी गरजेपेक्षा जास्त वाजवल्या. ते अधिक वाईट होतं.

दिवे लागले. लोक सायडरच्या टेबलाकडे सरकले, आमच्याकडे न बघता. लुडोविक उभा राहून कोटाची बटणं लावू लागला. जोझियान माझ्याकडे वळली.

“तुम्हाला कधी कळलं?”

“बुधवारी.”

“आज रविवार आहे.”

मी माफी मागायला लागले, करार, यादी, माझी चूक, सगळं एकदम. तिने हातानेच थांबवलं.

“गुरुवारी मनाशी म्हणालात, सकाळी कामात असेल, संध्याकाळी फोन करू. संध्याकाळी म्हणालात, आता जेवत असेल. शुक्रवारी लक्षात आलं, की आधी काल का नाही केला तेच सांगावं लागेल. मग शनिवारी ठरवलं, फोनवर बरं दिसत नाही, समक्षच जाऊ. बरोबर?”

“बरोबर,” मी म्हटलं. एक अक्षरही चुकलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मला कसं ठाऊक, ते विचारा की.” ती माझ्याशीच बोलत होती, पण लुडोविकचे हात बटणावर थांबले होते. “तुमचे चारच दिवस झाले. माझे एकोणीस. सगळे म्हणतात, नवऱ्याने शपथ घातली होती, पोराला त्रास देऊ नकोस. घातली होती. पण ती पहिल्या आठवड्यात. दुसऱ्या आठवड्यात तेच म्हणाले, कळव आता. तेव्हा शपथ नव्हती, नुसती मी होते. इतके दिवस का लपवलंस असं हा ओरडेल, याची भीती वाटायची मला. बस, एवढंच. चार वर्षं वाटतंय, काहीतरी मोठं कारण सापडेल. नाही सापडलं.”

मग लुडोविक म्हणाला, “आई.” त्या दिवसात मी त्याच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदाच ऐकला. “बाबांनी माझं नाव घेतलं होतं?”

शूटिंगच्या वेळी हाच प्रश्न नीनने तिला विचारला होता. अकराही वेळा जोझियान म्हणाली होती, नाही गं पोरी, झोपेतच गेले ते, कुणाचं नाव नाही घेतलं. ते ऐकूनच तर आम्ही सगळे रडलो होतो.

“घेतलं,” ती म्हणाली. “शेवटच्या सकाळी. दोनदा. मी म्हटलं, निघालाय तो, वाटेत आहे.”

मेअर सायडरचे पेले घेऊन आमच्या दिशेने आले, लुडोविकचा चेहरा बघितला आणि तसेच मागे फिरले. मला वाटलं, आता हा जाणार. तो तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला, तोंड रिकाम्या पडद्याकडे करून.

“मग?” तो म्हणाला. “ते काय म्हणाले?”