तिसऱ्या मजल्याला शुभेच्छा

शुभेच्छासाहेब हे नाव त्यांच्या पाठीमागेच घेतलं जायचं. समोर सगळे नुसतं साहेब म्हणत. वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर ते इमारतीचे सेक्रेटरी झाले, आणि आयुष्यभर दुकानदारांच्या तराजूंवर मारलेला शिक्का माणसांवर मारायला मोकळे झाले.

इमारतीत चार धर्मांची बिऱ्हाडं होती. साहेबांना त्याचा इतका अभिमान, की जणू त्यांनीच ती निवडून आणून ठेवली होती. ज्यांचा सण असेल त्यांच्या दारात ते भल्या पहाटे हजर. घरातले लोक डोळे चोळत, पारोशानेच दार उघडायचे. समोर साहेब कडक इस्त्रीत, हातात फुलं, तोंडात त्या त्या धर्माचं अभिवादन, उच्चारासकट घोटलेलं. मग फोटो. फोटोत साहेब मध्यभागी, सण असलेलं कुटुंब कडेला, आणि कुटुंबातलं कुणीतरी अर्धं कापलेलं. तो ग्रुपवर पडला की खाली अंगठ्यांची रांग लागायची.

हे सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावर श्रवणयंत्रं बसवणारा एक माणूस आईला घेऊन राहायला आला.

माणूस चाळिशीचा, हसरा, कमी बोलणारा. आई थकलेली, पण पत्त्यांच्या डावात पटाईत. दारावरच्या पाटीवर नावाऐवजी 'श्रवणयंत्र दुरुस्ती' एवढंच. भाडेकरारावर आडनाव होतं, पण ते असं, की चारांपैकी कुठल्याही धर्मात खपून जावं. साहेबांनी जिन्यात थांबून वास घेतला. लसणाची फोडणी. ती तर सगळ्यांच्याच घरात होती.

पहिला सण आला तेव्हा साहेबांनी अंदाजपंचे शुभेच्छा दिल्या. यंत्रवाला प्रसन्नपणे म्हणाला, "तुम्हालाही." साहेब खूश झाले, अंदाज बरोबर लागला म्हणून. दोन महिन्यांनी दुसऱ्या धर्माचा सण आला. खात्री करून घ्यावी म्हणून साहेबांनी त्याही दिल्या. पुन्हा तेच हसू आणि "तुम्हालाही". तिसऱ्यालाही तसंच. चौथ्याला साहेबांनी मुद्दाम नुसतंच बघितलं, तर यंत्रवाल्यानेच त्यांना शुभेच्छा दिल्या. साहेबांची झोप उडाली. सहिष्णुता दाखवायची तरी कुणाला आणि किती, हे कळायला नको का, असं ते बायकोला रोज जेवताना ऐकवत. बायको दुपारी वर जाऊन म्हातारीशी पत्ते खेळायची. तिला त्यांनी बजावलं होतं, की सहज विषय काढ. ती परत यायची आणि आज कोण जिंकलं तेवढंच सांगायची.

शेवटी साहेबांनी गच्चीवर स्नेहमेळावा ठेवला. चार धर्मांच्या खुर्च्यांचे चार कप्पे केले, मध्ये दोरी बांधली, एकेका कप्प्याने उठायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या असं ठरलं. यंत्रवाला आला, चारी कप्पे बघितले आणि चहाच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. साहेबांनी माइक त्याच्यापुढे धरला आणि आपला परिचय करून द्यावा अशी विनंती केली. तो म्हणाला, "तिसरा मजला, डावीकडचं दार." सगळे हसले. साहेबांना ते हसणं आपल्यावरच आहे असं वाटलं, आणि ते खरंही होतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी म्हातारी गेली. सकाळी झोपेतच गेली.

बातमी आली तशी साहेबांची बायको पदर डोळ्यांना लावून वर धावली. साहेबांनी मात्र आधी पांढरा शर्ट शोधला. त्यांना वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण त्या वाईट वाटण्याच्या खाली कुठेतरी उकळ्या फुटत होत्या. आता लपवून लपवणार काय? कुणीतरी येणार, काहीतरी म्हणणार, कुठल्या तरी दिशेने नेणार. जिना चढताना त्यांनी चारी धर्मांची सांत्वनाची वाक्यं मनात एकदा फिरवून घेतली.

वर यंत्रवाला आईच्या उशाशी बसला होता. खोलीत ना धूर, ना पुस्तक, ना कुणी म्हणणारा. थोड्या वेळाने खाली गाडी थांबली. वैद्यकीय महाविद्यालयाची. म्हातारीने देहदान केलेलं होतं.

साहेबांना अक्षरशः फसवल्यासारखं वाटलं. गाडीबरोबर आलेला कर्मचारी एकटाच होता आणि लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नव्हतं. यंत्रवाला कुणाला बोलवावं म्हणून दाराशी आला, तर साहेबांनी त्याचा हात धरला.

"निदान आता तरी सांगा," ते म्हणाले. "आम्ही दुःख व्यक्त करायचं ते कुठल्या पद्धतीने?"

यंत्रवाल्याने त्यांच्याकडे नीट बघितलं. त्याचे डोळे लाल होते.

"काका, स्ट्रेचरला एक हात कमी पडतोय," तो म्हणाला. "पायाकडून धराल?"

नाही म्हणायची सोय नव्हती. साहेबांनी धरलं. जिना अरुंद होता, वळणावर त्यांचा पांढरा शर्ट भिंतीला घासून चुन्याने भरला. म्हातारी दिसायची काडीसारखी, पण साहेबांच्या मनगटांना कळ लागली. दुसऱ्या मजल्यावर सगळी दारं उघडी होती, सगळे हात जोडून किंवा मान खाली घालून उभे होते. साहेब धापा टाकत समोरून जाताना दातांच्या डॉक्टरीणबाई त्यांच्या कानाशी झुकल्या आणि हळूच म्हणाल्या, "कळलं का?" त्यांच्यामागे त्यांच्या सासूबाई, शेजारचे वकील, वकिलांची बहीण, सगळे उत्तरासाठी थांबले होते. स्नेहमेळाव्यात हसण्यात हीच मंडळी पुढे होती.

घरी आल्यावर साहेबांनी मनगटाला मलम लावलं आणि बायकोला विचारलं, "तुला तरी म्हातारीने कधी सांगितलं असेल?"

"सांगितलं होतं," ती कणीक मळता मळता म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात."

साहेब उभेच राहिले. "आणि तू मला बोलली नाहीस?"

"बोलले असते, तर पुढच्या सणाला तुम्ही पहाटे तिच्या दारात उभे. तिला सकाळी उशिरापर्यंत झोपायला आवडायचं."

"मग आता सांग."

"आता कशाला?" ती म्हणाली, आणि पोळ्या लाटायला लागली.

साहेब रागाने बाहेरच्या खोलीत गेले. पण सेक्रेटरी म्हणून ग्रुपवर काही लिहिणं भाग होतं. बराच विचार करून त्यांनी चारी धर्मांची सांत्वनाची वाक्यं एकाखाली एक टाकली. एखादं तरी बरोबर बसेलच. तिसऱ्या मजल्यावरून 'आभारी आहे' असं आलं. त्यानंतर वकिलांनी विचारलं, की आमचं वाक्य चौथ्या क्रमांकावर का? डॉक्टरीणबाईंनी लिहिलं, की आमच्यात शुद्धलेखनाची चूक आहे आणि ती नेमकी आमच्यातच कशी? पहिल्या मजल्यावरून कुणीतरी ग्रुप सोडला.

साहेब चष्मा लावून एकेकाला क्रमामागची भूमिका समजावत बसले. बायकोने डबा भरला, त्यात दोन माणसांचं जेवण घातलं, साहेबांचं ताट झाकून ठेवलं आणि वर गेली.