केयूर सरांची सज्जन बुरशी

मरोळच्या एका प्रयोगशाळेत केयूर सरांनी शेंगदाण्यावरची विषारी बुरशी सज्जन करून दाखवली होती. तिचं एक जनुक मोडलं आणि विष बनणं बंद झालं, असं ते तीन परिषदांत सांगून आले. दोन ठिकाणी शालही मिळाली. जनुक मोडलं होतं त्यांच्या विद्यार्थिनीने, भांडुपच्या अक्षताने. तिला शाल नव्हती. तिला महिनाभरात पीएचडी मिळणार होती, म्हणजे सरांनी सही केली तर.

परीक्षकांनी मधेच एक खुसपट काढलं. मोडलेलं जनुक परत बसवा, विष परत येतं का ते दाखवा. अक्षताने बसवलं. विष असलं की ताटली जांभळ्या दिव्याखाली निळी चमकते. ही ढिम्म.

चार दिवस डोकं खाजवून तिने फ्रीझरच्या तळातली कुपी काढली, तीन वर्षांपूर्वी जनुक मोडलं त्या दिवशीची. ती बुरशी वाढवली, तर ताटली निळीशार. जनुक मोडलेलं, विष शाबूत.

मग तिला आपलेच सोमवार आठवले. कुपी सारखी उघडायला नको म्हणून दर सोमवारी तीच जुन्या ताटलीतली बुरशी नव्या ताटलीत लावत होती, गणपतीतसुद्धा न चुकता. विष मोजलं ते वर्षभराने. तोवर आयतं खाऊन बुरशी विष करायचंच विसरली होती. तुलनेची साधी, जनुक न मोडलेली बुरशी मात्र दर वेळी कुपीतली, ताजी; म्हणून फरक जनुकाचाच वाटला. इतक्या निष्ठेनं केलेल्या चुकीची तिला भयंकर लाज वाटली.

सरांनी ताटली पाहिली. "ही कुपी उघडायला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही, सर."

"मग टाकून दे ना. पुढच्या आठवड्यात कंपनीवाले येतायत. आपली बुरशी शेतात सोडणार आहेत, विषारी बुरशीला हुसकायला."

"शेतात तिला विष परत आठवलं तर? लोक खाणार ते दाणे."

"आठवलं तर बघू. प्रबंधावर सही माझी लागते, माहितीये ना?"

अक्षताने तिथेच बसून परीक्षकांना पत्र लिहिलं: विष जनुकामुळे गेलं नाही, माझ्या सोमवारांमुळे गेलं. पाठवायच्या यादीत कंपनीचाही पत्ता घातला.

सरांचा आवाज एकदम मऊ झाला. "अगं, तीन वर्षं वाया जातील तुझी."

"गेली, सर," ती म्हणाली आणि पत्र पाठवून दिलं.