आईच्या गाण्याची वकिली

आईच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तिला पंधरा दिवस एक शब्दही बोलायचा नाही असं बजावलं. मला वाटलं, चला, घरात जरा शांतता. आईला मात्र एकच घोर लागला होता. शनिवारी तिच्या गाण्याचा खटला होता आणि तिथं बोलणार कोण?

आई ज्या शिवणकारखान्यात कापड बेतते, तिथली चार माणसं एकाच गायकाची वेडी आहेत. त्याचं नावही घेत नाहीत, नुसतं ‘तो’ म्हणतात. शनिवारी काम अर्धा दिवस असतं. मशिनं थांबली की एक जण त्याचं एखादं गाणं लावतो आणि बाकीचे तिघं त्या गाण्यावर तुटून पडतात. लावणाऱ्यानं ते का चांगलं आहे हे पटवून द्यायचं. ‘मला आवडतं’ एवढं सांगून सुटका होत नाही. शेवटी तिघं बॉबिनच्या रिकाम्या डब्यात एकेक बटण टाकतात. पांढरी जास्त पडली तर गाणं राहिलं, काळी पडली तर गेलं. गेलेलं गाणं वर्षभर कारखान्यात लावायचं नाही.

आणि आईनं निवडलं होतं नेमकं ते गाणं. सुरुवातीला शीळ, मधेच टाळ्या आणि शब्द काय, तर बसचं तिकीट हरवल्याची तक्रार. सकाळी कात्री हातात घेतली की ती आधी हेच लावते, त्याशिवाय तिचा हात चालत नाही. मी लहानपणापासून ऐकून ऐकून त्याला विटलेय.

मी कोर्टात टायपिस्ट आहे. तेवढ्यावरून मला वकिली येते असं आईनं ठरवून टाकलं. घरातून निघताना तिनं माझ्या हातात एक चिठ्ठी कोंबली. ‘दुसरा अंतरा नीट ऐकव,’ एवढंच लिहिलेलं. मी ती पर्समध्ये टाकली. अंतरा ऐकवून कुणी खटला जिंकतं का?

आम्ही दोघी कारखान्यात पोचलो तेव्हा तिघं तयारच होते. मालक म्हणजे मास्तर, काजं करणारी मावशी आणि इस्त्रीकाका. गाणं वाजलं, संपलं.

इस्त्रीकाका आईला म्हणाले, “ताई, तुम्ही तब्येतीला जपा. पण हे गाणं काही जपण्यासारखं नाही.”

“दुसऱ्या अंतऱ्यात त्याचा सूर चक्क सुटतो,” मास्तर म्हणाले. “आपलाच माणूस असला म्हणून काय झालं? सुटला तो सुटलाच.”

मावशी म्हणाली, “आणि एका तिकिटासाठी कुणी एवढा गळा काढतं का?”

मला यातला शब्द न् शब्द पटत होता, हीच तर पंचाईत होती. आई माझ्याकडे टक लावून बघत होती. काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून मी बाबांना मधे घातलं.

“बाबा हॉस्पिटलात होते तेव्हाची गोष्ट,” मी म्हणाले. “शेवटी शेवटी त्यांना बोलता येत नव्हतं. आई त्यांच्या उशाशी हे गाणं लावायची. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, गाणं सुरू झालं की बाबांचं बोट हलायचं. तालात.”

मावशीनं डोळे पुसले. इस्त्रीकाका उगाचच इस्त्रीची वायर गुंडाळायला लागले. डबा फिरला आणि उलटा केल्यावर टेबलावर तीन पांढरी बटणं पडली. मी मोठ्या ऐटीत आईकडे वळले.

तिचा चेहरा लालबुंद झाला होता. तिनं काळ्या अस्तराचा एक तुकडा ओढला, कापडावर खुणा करायचा चपटा खडू घेतला आणि लिहिलं, ‘बोट तालात नव्हतं. बंद कर म्हणत होते.’

मास्तरांना आधी ठसका लागला, मग हसू फुटलं. आईनं खाली आणखी लिहिलं, ‘त्यांना हे गाणं कधीच आवडलं नाही. परत मत घ्या.’

“राहू द्या की ताई,” मावशी म्हणाली. “जिंकलात ना आता.”

आईनं मानेनंच नाही म्हटलं. स्वतः उठून तिनं दुसरा अंतरा लावला आणि एका जागी खडू वर केला. मग लिहिलं, ‘सूर सुटत नाही. हसू दाबतोय.’ तीनदा ऐकवलं तिनं. तिसऱ्या वेळी मलाही ओळीच्या शेवटी काहीतरी हललेलं ऐकू आलं. इतकी वर्षं ते कधी कानावर पडलं नव्हतं.

मास्तर म्हणाले, “असेल हसू. पण हसू आलं तर थांबावं, पुन्हा गावं.”

आईनं घाईघाईत लिहिलं, ‘थांबला नाही म्हणून तर आवडतो.’

डबा पुन्हा फिरला. दोन काळी, एक पांढरं. सोमवारपासून वर्षभर आई त्या गाण्याशिवाय कापड बेतणार होती, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तिला बोलता येत नव्हतं म्हणून ती मला घेऊन आली होती आणि मी तिला चौघांत बिचारी करून ठेवलं.

बसस्टॉपच्या बाकावर बसल्यावर मी म्हणाले, “चुकलं माझं. पण जिंकलेलं घालवलंस ना तू.”

तिनं पिशवीतून अस्तर काढून मांडीवर पसरलं. ‘ती तीन बटणं बाबांची होती. नंतरचं हे एक गाण्याचं आहे.’

मी ते दोनदा वाचलं. आता तिच्याशी आणखी खोटं बोलायची माझी हिंमत नव्हती.

“आई, खरं सांगू? मला बटण टाकायचं असतं तर मी काळंच टाकलं असतं. तीस वर्षं सहन करतेय मी ते गाणं.”

मला वाटलं, आता हिला लागणार. पण ती बाकावर माझ्याकडे तोंड करून ऐसपैस बसली, कापड उलटं केलं आणि लिहिलं, ‘का ते नीट सांग.’

मी सांगायला लागले. आमच्या दोन बस निघून गेल्या तरी तिचा खडू थांबला नव्हता.