उशिरा पडलेला हात

स्ट्रोक आला तो नेमका माझ्या डाव्या हातावरच बसला, मेला. ढोलकीचा घुमारा डाव्या हाताचा. तोच गेल्यावर वाजवू काय, कपाळ? चाळीस वर्षं नागपुरात भीमगीतांना साथ केली, आणि आता परदेशात, क्रेगीबर्नला मुलाकडे रबरी चेंडू दाबत बसलोय. यंदा भीमजयंतीला मी वाजवणार नाही, इथल्या मंडळाला ठणकावून सांगितलं. दोनशे लोकांपुढे फजिती कोणाला हवीय? पण खरं सांगू, त्या दिवशी जेवण गेलं नाही.

नात ईशानी युनिव्हर्सिटीत म्युझिक शिकते. पोट्टी ऐकेल तर शपथ! रविवारी दुपारी तिनं माझ्यापुढं ढोलकी ठेवली, माइक लावला. "आबा, जस्ट प्ले. दहा मिनिटं, प्लीज."

वाजवलं. डावा हात पुन्हा पुन्हा मागं राहायचा. शेवटी वैतागून ढोलकी सारली. तर हिनं लॅपटॉपवर त्यातला दोन सेकंदांचा तुकडा कापला आणि तोच परत परत वाजवायला लागली.

"अगं ए! नेमकं चुकलेलंच घेतलंस? हात उशिरा पडलाय तिथं!"

"चुकलेलं नाही आबा, दॅट्स द ग्रूव्ह! त्या उशिरानंच तर तालाला झोका येतो."

मग तिनं मला शिकवणी दिली. पन्नासेक वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, गरीब काळ्या वस्तीत, पोरं रेकॉर्ड लावून नाचायची. गाण्यात मधेच बाकी सगळे थांबतात, नुसता ड्रम उरतो, तिथं सगळ्यांच्या अंगात यायचं. पण तो तुकडा लगेच संपे. म्हणून एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्ड दोन प्लेअरवर लावल्या. इकडं संपला की तिकडं सुरू. हिप हॉप तिथून निघालं. वाद्यं नव्हती, तर रेकॉर्ड प्लेअरचंच वाद्य केलं.

"हे मला नको सांगू," मी म्हणालो. "तेलाच्या डब्यावर ताल शिकलेला माणूस आहे मी."

"अवो, पाय पाहा तुमचा," माझी बायको शोभा किचनमधून हसली. "तोंडानं नाही-नाही, अन् पाय काहून हलतो?"

हलत होता खरा. संध्याकाळी मंडळाला फोन करून सांगितलं, वाजवतो.

जयंतीला हॉल गच्च भरला होता. ईशानीनं तो तुकडा सुरू केला. डावा हात मी मांडीवर ठेवला, घुमारा स्पीकरमधून आला, आणि वरून उजव्यानं मी बोल धरले. पहिली दोन आवर्तनं नुसती ढोलकीच चालली. मग अनुपनं, माझ्या मुलानं, गाणं उचललं.

दुसऱ्या कडव्याला लोक टाळ्या धरायला लागले. मी कान दिला. टाळी ठोक्यावर पडत नव्हती, किंचित मागं पडत होती. दोनशे माणसं माझ्या डाव्या हातासाठी थांबत होती.

सरळ सांगतो, स्टेजवर रडलो. लय मात्र सोडली नाही.