शिवांजली कॉम्प्युटरची घंटा

"अप्पा, खरं सांगा, पीसीवर गेम खेळायचं मार्केट खरंच बदललंय का? की अजूनही कन्सोलवालेच भारी?"

संभाजीनगरच्या एका सर्व्हे एजन्सीचा केदारनाथ मांडीवर टॅब घेऊन बसला होता. कंपनीने त्याला गावोगाव हाच प्रश्न विचारत फिरायला लावलं होतं. बीडमध्ये हे विचारायचं तर क्लासेसच्या गल्लीत भीमाशंकरअप्पांकडे जा, असं त्याला दोघातिघांनी सांगितलं होतं. अप्पांनी कपाळावरच्या भस्माला धक्का लागणार नाही अशा बेताने घाम पुसला आणि खुर्चीत रेलले. आपलं मत लिहून घ्यायला कुणी परगावाहून येतं, ही गोष्ट त्यांना मनापासून आवडली होती.

"बदललं म्हंजे? लई बदललं. आधी माझ्याकडं कन्सोल व्हते. डिस्क घेताना खिसा कापला जायचा. रिमोटचं एक बटन बसलं की धंदा बसला. कॉम्प्युटरचं तसं न्हाई. मेमरी वाढवा, कार्ड बदला, गेम नेटवरून उतरवून घ्या. सकाळी त्याच्यावरच लोकायचे फारम भरा."

"म्हणजे मशीन चांगलं म्हणून तुम्ही बदललात."

"मशीनचं काय घिऊन बसलाव?" अप्पा हसले. "गेम तर त्योच हाय. गोळ्या त्याच, गाड्या त्याच, पोरंबी तीच. खरी गंमत येगळीच हाय. कन्सोल व्हते तवा आयाबाया दारात येऊन शिव्या घालायच्या. एक तर केरसुणी घिऊन आलती. पाली गावचा माझा सासरा चारचौघांत म्हनायचा, जावयानं अड्डा काढलाय. मग कन्सोल विकले, कॉम्प्युटर आनले आन पोरीच्या नावानं बोर्ड लावला, शिवांजली कॉम्प्युटर सेंटर. आता त्याच बाया हात जोडत्यात. मार्केट बदललं ते एवढंच."

हे कुठल्या रकान्यात भरायचं ते केदारनाथला कळेना.

अप्पा मात्र रंगात आले होते. त्यांनी त्याला दाराशी नेलं. तिथे महादेवाचा फोटो होता आणि फोटोपुढे साखळीला पितळी घंटा. येणाऱ्याला वाटे, माणूस मोठा भाविक. अप्पा भाविक होतेच, पण घंटेचं काम निराळं होतं. काचेच्या दारातून कुणाची आई किंवा बाप पायऱ्या चढताना दिसला की अप्पा खुर्चीतून हात लांबवून ती वाजवत. पोरांनी हेडफोनबाहेर एक कान मोकळा ठेवायचा, हा दुकानाचा नियम. घंटा झाली की दोन बटणं दाबायची. गेम गडप आणि पडद्यावर टायपिंगचं पान. पालक गेले की अप्पा "चालू द्या" म्हणत आणि पुन्हा गोळीबार सुरू होई.

या युक्तीचं अप्पांना भारी कौतुक होतं. त्यांची बायको जगदेवी एकदाच म्हणाली होती, "देवाच्या घंटीला असलं काम लावू नगा." तेव्हापासून तिने दुकानाची पायरी चढायचं सोडलं होतं. बायकांना धंद्यातलं काय कळतंय, असं म्हणून अप्पांनी तो विषय मिटवला होता.

हे सगळं दाराकडे पाठ करून सांगण्याच्या नादात, पायऱ्या चढून कोण आलं ते त्यांना दिसलंच नाही.

दार उघडून सुभद्राबाई आत आली. चपला तिने बाहेरच काढल्या होत्या. समोर महादेव दिसला, तिने हात जोडले आणि देवळात वाजवावी तशी घंटा वाजवली. ओळीतले सगळे पडदे एकदम पांढरे झाले.

अप्पा दचकून वळले. बाई ओळखीची होती. धारूरच्या डोंगरातल्या वस्तीवरची, सोमेश्वरची आई. तिच्यामागे जड पिशवी घेतलेली तिची मुलगी मनिषा उभी होती. सोमेश्वर कोपऱ्यातल्या मशीनवर पाठ ताठ करून बसला होता. त्याच्यासारखा नेमबाज गल्लीत दुसरा नव्हता.

"सर, उद्या टॅक्टर निघतोय," सुभद्राबाई म्हणाली. अप्पांना सर म्हणणारी ही एकटीच. "टोळी ऊसतोडीला कर्नाटकात चाललीय. जायच्या आधी तुमच्या पाया पडावं म्हनलं."

"कोन कोन चाललाव?"

"मी आन ही मनिषा. ह्यांचा बाप गेल्यापसनं कोयत्याला जोडीदार पायजेच की. एकीनं तोडायचं, एकीनं मोळ्या बांधायच्या. मुकादमानं सोमाला मागितलं व्हतं. मी न्हाई म्हनलं. सरांनी सांगितलंय, पोरगं हुशार हाय, टायपिंगची परीक्षा काढंल, त्याला हालवू नगा. मग हिचंच कॉलेज बंद केलं."

बरोबर कोणती भांडी न्यायची हे सांगावं तितक्या साधेपणाने ती हे बोलली. अप्पांच्या चेहऱ्यावर गिऱ्हाइकासाठीचं हसू होतं, ते तसंच राहून गेलं. सांगितलं होतं त्यांनीच. जूनमध्ये ती अशीच दारात उभी राहून पोराची चौकशी करत होती आणि तिला लवकर कटवावं म्हणून ते जे तोंडात आलं ते बोलून गेले होते. एवढ्याशा बोलण्यावर ही बाई घर चालवील, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

मनिषा भावाच्या पाठीशी जाऊन उभी राहिली. तिने त्याचा पडदा वाचला. मग शेजारचा. मग त्याच्या पलीकडचा.

"सर, सगळ्यायला एकच रजेचा अर्ज कावून?"

सोमेश्वरचे कान लाल झाले. केदारनाथ उगाच टॅबकडे बघू लागला. 'सुभद्राबाई, सोमाला घिऊन जावा, पोरीला शिकू द्या,' हे वाक्य अप्पांच्या ओठांवर आलं होतं. पण ते बोलायचं तर पुढचंही सगळं बोलावं लागणार होतं, या परक्या माणसासमोर, या महादेवासमोर.

"परीक्षेला... परीक्षेला त्योच येतो," अप्पा म्हणाले.

स्वतःचाच आवाज ऐकून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. केरसुणीवाल्या बाईशी ते तावातावाने भांडले होते, पण असं कधी झालं नव्हतं.

"बघितलंस? म्हनून त्याला ठिवलं," सुभद्राबाई लेकीला म्हणाली. मग तिने पिशवीतल्या भुईमुगाच्या शेंगा टेबलावर ओतल्या आणि ती खाली वाकली. अप्पांनी पाय मागे घेतले, पण मागे भिंत होती. बाईने दोन्ही पायांना हात लावून कपाळाला लावले.

"लक्ष ऱ्हाऊ द्या. एखादी ठिवून दिली तरी चालंल."

दोघी गेल्या. सवयीने अप्पांच्या तोंडून निघून गेलं, "चालू द्या."

पडदे पुन्हा रंगले. "सोम्या, ये की बे लवकर!" कुणीतरी ओरडलं आणि सोमेश्वरही बंदूक घेऊन धावू लागला.

तेवढ्यात दार उघडलं. रिकामी पिशवी न्यायला मनिषा परत आली होती. अप्पांचा हात घंटेपर्यंत गेला नाही. ती भावाच्या मागे उभी राहिली. त्याला पत्ताही नव्हता. पडद्यावर तो कुणाला तरी लोळवत होता, पोरं त्याला शाबासकी देत होती आणि ती बघत होती.

मग तिने काचेतून बाहेर पाहिलं. आई पायऱ्या चढून येत होती. मनिषा झटकन दाराशी गेली आणि तिने स्वतःच घंटा वाजवली.

पडदे पांढरे झाले.

"आय येतीय," ती अप्पांना हळूच म्हणाली. दुकानातलंच माणूस असल्यासारखं.

सुभद्राबाईने आत डोकावलं. "घावली का पिशवी?" पांढऱ्या पडद्यांसमोर माना घालून बसलेली पोरं बघून तिचा चेहरा उजळला. मनिषाने पिशवीची घडी घातली, काखेत धरली आणि मागे न बघता ती आईबरोबर पायऱ्या उतरली.

अप्पा दारापर्यंत गेले. हाक मारावी म्हणून त्यांनी तोंड उघडलं. दोघी स्टँडच्या दिशेने वळल्या, आई काहीतरी सांगत होती आणि मुलगी मान हलवत होती. अप्पा तसेच माघारी फिरले. घंटा अजून हलत होती. त्यांनी ती मुठीत धरून थांबवली.

केदारनाथ उठला होता. "अप्पा, मग काय लिहू?"

अप्पांनी एक शेंग उचलली. टेबलावरच्या शेंगांना ओली माती चिकटलेली होती. काढून लगेच आणल्या असाव्यात.

कोपऱ्यातून सोमेश्वरने दबक्या आवाजात विचारलं, "अप्पा, गेली का आय?"

"गेल्या," अप्पा म्हणाले. "दोघी."

पोरं त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. पण अप्पा चालू द्या म्हणाले नाहीत, आणि सगळ्या पडद्यांवर तो एकच अर्ज तसाच राहिला.